गोव्यात गाडीने सहा दिवस: किनारा आणि डोंगर दोन्ही कसे जमवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून स्वतःच्या गाडीने, आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन डिसेंबरात सहा दिवस यायचं आहे. समुद्रकाठची गावं हवीत, आतले डोंगर-जंगलही हवं. एकाच हॉटेलात राहून रोज फिरावं की मुक्काम बदलावेत?

मुक्काम बदला. मी साखळीला राहतो आणि घरी येणाऱ्या नातेवाइकांना गेली बरीच वर्षं हेच सांगतो. गोवा नकाशावर एवढासा दिसतो, उत्तर-दक्षिण साधारण १०५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम जेमतेम ६५. म्हणून लोक कळंगुटला खोली घेतात आणि एक दिवस बीच, एक दिवस जंगल असा बेत करतात. रस्ते गावागावांतून वळणं घेत जातात. तांबडी सुर्ल्याला जाऊन यायचं तर चार-पाच तास गाडीतच जातात आणि ज्येष्ठ मंडळी दुसऱ्याच दिवशी "आम्ही खोलीवरच थांबतो" म्हणतात.

माझं म्हणणं असं की गोव्यात नदी धरून चालावं. इथल्या नद्या सह्याद्रीतून निघून दिवसभराच्या अंतरात समुद्राला मिळतात. घाट उतरा आणि पाण्याबरोबर खाली या. डोंगर आणि किनारा मग वेगळे जुळवावे लागत नाहीत.

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असे उतरा. कणकुंबीला पाच मिनिटं थांबून मुलांना मलप्रभेचा उगम दाखवा. ते पाणी पूर्वेला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. तिथून थोडं पुढे आलात की ओढे उलट, पश्चिमेला वाहायला लागतात. पाणलोटाची ही रेघ पुस्तकात समजत नाही, गाडीच्या काचेतून समजते. घाट मात्र उजेडी उतरा. वळणं अरुंद आहेत आणि संध्याकाळी धुकं दाटतं. पहिल्या दोन रात्री साखळी-वाळपईच्या बाजूला काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वाळपईच्या बाजूने तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर. बाराव्या-तेराव्या शतकातलं, कदंब राजांच्या काळातलं. आमचा सगळा मुलूख जांभ्या दगडाचा आणि हे देऊळ मात्र काळ्या बसाल्टचं, म्हणजे दगड घाटापलीकडून आणलेला. दार पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी गेलात तर ऊन आत येताना दिसतं. छताच्या मधोमध कोरलेलं कमळ मान वर करून नीट बघा, बहुतेक जण लिंगाला नमस्कार करून तसेच बाहेर पडतात. शेजारी ओढा आहे, मुलांना तिथे अर्धा तास द्या.

दूधसागर? धबधबा ३१० मीटरचा आहे आणि सुंदरच आहे, पण तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही. कुळ्याहून जीप घ्यावी लागते आणि वाट ओढ्यांतून, दगडधोंड्यांतून जाते. नाताळच्या सुट्टीत रांगेतच सकाळ संपते. कंबरदुखी असलेल्या माणसाला त्या जीपमध्ये बसवू नका. या खेपेला सोडून द्या.

तिसरा दिवस माझा सगळ्यात आवडता. हरवळ्याचा धबधबा आणि त्याच्याजवळची कोरीव लेणी बघून डिचोलीवरून नार्व्याला जा. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ साली पुन्हा उभं राहिलं. देव मूळचा समोरच्या दिवाडी बेटावरचा, पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर नदीच्या या काठाला आणलेला. आणि तुम्ही पुढे त्याच दिवाडीवर जायचं आहे, फेरीबोटीने.

फेरीला घाबरू नका. धक्का पाण्यात उतरत गेलेला असतो, बोट त्याला येऊन टेकते आणि लोखंडी फळी धडकन खाली पडते. आधी माणसं आणि दुचाकी उतरतात, मग हात दाखवणारा माणूस सांगेल तशी गाडी घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद. ओहोटीला उतार खडा होतो, गाडी बसकी असेल तर माणसं उतरवून चढवा. मधल्या काही मिनिटांत सगळ्यांनी बाहेर येऊन कठड्याशी उभं राहावं. दोन्ही काठांना खारफुटी, तिच्यावर बगळे आणि खंड्या. माझ्या आईला गुडघ्यांमुळे कुठे चढवत नाही, पण या बोटीवर ती प्रत्येक वेळी उभी राहून जाते. दिवाडीवरून दुसऱ्या फेरीने जुने गोवे आणि मुक्काम पणजीला.

चौथ्या दिवशी दक्षिणेला. मडगावपर्यंत महामार्ग ठीक आहे, पुढे तो सोडा आणि असोळणा, बेतूल, काब द राम, खोला या किनाऱ्याच्या रस्त्याने आगोंदला उतरा. वेळ जास्त लागतो, पण एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला काजूचे डोंगर असा रस्ता गोव्यात फार थोडा उरला आहे. काब द रामच्या किल्ल्याच्या तटावरून खाली बघताना मुलांचा हात धरा. खोल्याची लाल मिरची प्रसिद्ध आहे, मिळाली तर घ्या. आगोंदला समुद्री कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री वाळूत टॉर्च मारत फिरू नये.

पाचव्या दिवशी पुन्हा आत. करमळ घाट चढून बाळ्ळी, केपे, रिवण. रिवणजवळ पणसायमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्याच्या सपाट खडकावर प्राचीन माणसांनी बैल, हरणं, माणसं आणि एक गोल चक्रव्यूह कोरला आहे. भर दुपारी काहीच दिसत नाही. ऊन तिरकं असताना चरांत सावली पडते आणि चित्रं वर येतात, म्हणून नऊच्या आत पोचा. तिथून नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी. तळातून सतत बुडबुडे येत असतात आणि टाळी वाजवली की जास्त येतात असं गावकरी सांगतात. मुलं तिथून हलणार नाहीत.

सहाव्या दिवशी पहाटे निघून महामार्ग ६६ ने बांदा, सावंतवाडी, आंबोली मार्गे परत.

एक गोष्ट लक्षात ठेवा: नकाशात गावाबरोबर तालुकाही टाका. गोव्यात केरी तीन आहेत, पेडणे, सत्तरी आणि फोंडा तालुक्यात. सुर्ला नावाचं गावही एकच नाही. माझा आतेभाऊ संध्याकाळचा समुद्र बघायला निघाला आणि सत्तरीच्या केरीत, अंजुणे धरणाच्या भिंतीपाशी पोचला. पेडण्याची केरी तिथून तासाभराहून लांब, तोवर सूर्य बुडाला होता आणि पोरं रडकुंडीला आली होती. पेट्रोल वाळपई, केपे अशा तालुक्याच्या गावातच भरून घ्या, पुढे जंगलात पंपही नाही आणि मोबाईलची रेंजही भरवशाची नाही.