आधी इजा पक्की कर, मग औषध

अनेक आशीर्वाद.

रॅटच्या आतड्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ तोडून पुन्हा सुरू केल्यावर होणारी इजा औषधाने कमी होते का, हे पाहण्याच्या प्रयोगाचा तुझा आराखडा वाचला. औषधाचे तीन डोस, सहा तपासण्या, आलेखसुद्धा ठरलेत. पण आतड्याचा रक्तपुरवठा तोडायचा कसा आणि तो खरंच तुटला हे ओळखायचं कसं, यावर जेमतेम दोन ओळी. घोळ तिथेच होतो. दर रॅटमध्ये इजाच वेगळी झाली, तर पेशी औषधाने वाचल्या की क्लिप सैल होती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे तापमान. केटामाइन-झायलाझिनच्या भुलेत प्राणी गार पडतो, त्यात पोट उघडं. गार आतड्याला ऑक्सिजन कमी लागतो. प्रत्यारोपणासाठी काढलेलं आतडं बर्फात ठेवतात ते याचसाठी. औषधाच्या गटातला रॅट दोन अंशांनी गार राहिला तर श्रेय फुकटच औषधाला. गुदद्वारात प्रोब ठेवून 37 अंश सांभाळ, खाली गरम पॅड, आणि क्लिप लावल्यावर आतडी परत पोटात घालून जखमेवर कोमट सलाइनचं गॉज ठेव.

रॅट 250 ते 300 ग्रॅमचे घे. रात्रभर उपाशी, पाणी मात्र चालू. सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी (आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी) महाधमनीतून फुटते तिथेच, मुळाशी, क्लिप लाव. शेजारची शीर चिमटीत येऊ देऊ नकोस. रंगावरून चूक लगेच कळते: धमनी नीट बंद झाली तर आतडं फिकट पडतं आणि मेसेंटरीतल्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या) वाहिन्यांचे ठोके थांबतात, जांभळं होऊन फुगू लागलं तर शीर दाबली गेली आहे. तो रॅट बाद, पण वहीत नोंद हवी. क्लिपाही जुन्या झाल्या की ढिल्या पडतात.

45 मिनिटं बंद, 2 तास चालू, ही वेळ रॅटसाठी बरी. तासाच्या पुढे गेलास तर प्राणी हातात राहत नाहीत. क्लिप काढल्यावर ठोके परत आले आणि आतडं गुलाबी झालं याची खात्री कर. याच वेळी द्रव आतड्यात झिरपतो आणि रक्तदाब कोसळतो, म्हणून कोमट सलाइन तयार ठेव. प्राण्याला भुलेतून बाहेर येऊ द्यायचं नाही. संस्थेच्या प्राणी नीती समितीकडच्या अर्जात हे स्पष्ट लिही.

आता औषध कधी द्यायचं. संशोधक पार्क्स आणि ग्रेंजर यांनी 1986 मध्ये मांजरांवर दाखवलं की 3 तास रक्त बंद ठेवून 1 तास सोडलं, तर सलग 4 तास बंद ठेवण्यापेक्षा नासधूस जास्त होते. पेशीतलं इंधन, म्हणजे एटीपी, संपून त्याच्या मोडतोडीतलं हायपोझँथिन साठतं, ऑक्सिजन परत आला की झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्यातून सुपरऑक्साइड हा पेशींना घातक रेणू बनवतं, मागून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात. म्हणजे बरीचशी इजा रक्त परतताना होते. तू औषध क्लिपच्या अर्धा तास आधी देणार आहेस. प्रत्यारोपणात ते जमेल. पण धमनीत गुठळी अडकलेला रुग्ण पोट दुखू लागल्यावरच येतो. म्हणून एक गट असा ठेव ज्यात क्लिप काढण्याच्या 5-10 मिनिटं आधी शिरेतून औषध जाईल. पोटात टोचलेलं औषध आतड्याला बाहेरून थेट भिजवतं, तो वेगळाच प्रयोग झाला.

एक गट विनाऔषधाचा हवा: 10 मिनिटं बंद, 10 मिनिटं चालू, मग खरी 45 मिनिटं. हे प्रीकंडिशनिंग. कुत्र्याच्या हृदयावर 5 मिनिटांचे चार अडथळे देऊन ते पहिल्यांदा दाखवलं गेलं, तेही 1986 मध्येच. तुझ्या हातून यानेसुद्धा संरक्षण दिसलं नाही, तर औषधाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

नमुना नेहमी एकाच जागेचा, म्हणजे इलिओसीकल जोडापासून (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथून) 10 सेंटिमीटरवरचा. ड्युओडेनमला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला) सीलिअॅक या दुसऱ्या धमनीकडूनही रक्त मिळतं, तो भाग नको. पिचकारीने जोरात धुतलंस तर एपिथेलियम (अस्तराचा सगळ्यात वरचा पेशींचा थर) सोलून निघेल आणि तीच इजा वाटेल. आतड्याचं अस्तर मिनिटांत स्वतःलाच पचवू लागतं, तेव्हा आधी फॉर्मलिन (ऊती टिकवणारं द्रावण), मग बाकीची धावपळ. इजा रसांकुराच्या (अस्तरावरच्या बोटासारख्या उंचवट्याच्या) टोकापासून सुरू होते, कारण वर जाणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन वाटेतच खाली येणाऱ्या रक्तात निसटतो. च्यू यांचा 0 ते 5 गुणांक तेच मोजतो, पण 1 गुण हाताळणीमुळेही पडू शकतो. शॅम गटात (पोट उघडलं, पण क्लिप लावली नाही अशा रॅटमध्ये) तो सतत दिसला तर हात सुधार. क्रिप्ट (रसांकुरांच्या तळाशी नव्या पेशी तयार करणारे खळगे) शाबूत आहेत का ते वेगळं लिही. क्रिप्ट वाचले तर एपिथेलियम काही दिवसांत परत भरून येतं. गट ठाऊक नसलेल्या माणसाकडूनच गुण देववून घे.

पहिल्या सहा रॅटना औषध देऊच नकोस. तीन शॅम, तीन इजा. त्यांच्या स्लाइड तयार झाल्या की घेऊन ये.