गेम फुकट, मग कंपनी कमावते कुठून?

ऑनलाइन शूटर गेमबद्दल पालकांची तीच ती पत्रं येताहेत, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : एवढा खर्च करून बनवलेला गेम फुकट का देतात?

उत्तर : कारण तो माणसांशिवाय चालत नाही. बॅटल रॉयलच्या, म्हणजे शेवटचा खेळाडू किंवा संघ उरेपर्यंत चालणाऱ्या एका सामन्याला पन्नास ते शंभर खेळाडू लागतात. ते झटपट जमले नाहीत, तर पैसे मोजणाराही निघून जातो. बहुतेक जण दमडी देत नाहीत, पण मैदान तेच भरतात आणि विकतचा पोशाख मिरवायचा तोही त्यांच्यासमोरच. ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ २०१२ पासून विकत मिळायचा, डिसेंबर २०१८ मध्ये फुकट झाला. आतल्या वस्तूंची विक्री चालूच राहिली.

प्रश्न : महागडी स्किन (बंदुकीचं विकतचं नवं रूप) घेतली की बंदूक जास्त मारते, असं मुलगा म्हणतो. खरं का?

उत्तर : फोर्टनाइट, व्हॅलरंटमध्ये नाही. फ्री फायरमध्ये काही बंदुकांचा मारा स्किनने बदलतो. मित्रांच्या सांगण्यावर पैसे देऊ नका, गेममधलं वर्णन वाचा.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाने माझ्या फोनवरून बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या गेमचे सहा हजारांचे यूसी (गेममधलं चलन) घेतले. महिना झाला. पैसे परत मिळतील?

उत्तर : महिनाभर थांबलात कशासाठी? परताव्याला मुदत असते. आजच ॲप स्टोअरकडे मागणी नोंदवा.

आणि मुलाला चोर ठरवण्याआधी त्या दुकानाची मांडणी बघा. वस्तूवर किंमत यूसीत, रुपयांत नाही. आपण किती उडवतोय हे पोराला कळणार कसं? यूसी ठरावीक गठ्ठ्यांतच मिळतात. थोडे उरतात, ते वापरायला पुन्हा गठ्ठा घ्यावा लागतो. वर ‘ऑफर संपतेय’ म्हणणारं घड्याळ! बक्षिसांच्या बंद पेट्याही विकतात, त्यातून काय निघेल ते तर नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. फोर्टनाइटच्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी आयोगाशी तडजोड करून ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. चुकून बटण दाबलं तरी खरेदी व्हायची, मुलं पालकांना न विचारता खर्च करू शकायची, आणि बँकेकडे तक्रार करणाऱ्यांची खाती बंद केली जायची, असे आयोगाचे आरोप होते. म्हणून आधी स्टोअर, मग बँक. दोन्हीकडे नकार मिळाला तर ग्राहक कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मात्र आजच लावा. फोन काढून घेतल्यावर मुलगा अंगावर येत असेल, तर समुपदेशकाकडे न्यायला उशीर करू नका.

प्रश्न : ‘फ्री यूसी’च्या लिंक खऱ्या असतात का?

उत्तर : नाही. पासवर्ड दिला असेल तर आत्ता बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.