कॅम्पस उघडलाय, तू राहणार कोणाबरोबर, ते आधी ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शॅम्पेनला, ऑगस्ट 2021 साठी एम.एस.ची ॲडमिशन मिळाली आहे. आई-बाबा म्हणतात, कोविडची साथ आहे, एक वर्ष थांब. लाखांनी पैसे भरून परक्या गावात खोलीत बसून लॅपटॉपवरच लेक्चर ऐकायची असतील, तर नाशिकचं घर काय वाईट? आणि कॅम्पस खरंच उघडलाय, की फक्त वेबसाइटवर?

माझं मत: ये. आज, जुलै 2021 च्या मध्यात, इथली परिस्थिती गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी बरी आहे आणि येत्या सत्रात बहुतेक वर्ग प्रत्यक्ष भरवायचं ठरलं आहे. पण हे गाव बंद होताना आणि पुन्हा हळूहळू उघडताना मी इथेच होते, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. तुझं वर्ष कसं जाईल, हे वर्ग ऑनलाइन की प्रत्यक्ष यापेक्षा तू एका छताखाली कोणाबरोबर राहतोस यावर जास्त अवलंबून राहील. आई-बाबांना हे वाचून दाखव, कारण त्यांची काळजी रास्त आहे. फक्त ती चुकीच्या जागी लागली आहे.

मार्च 2020 मध्ये वर्ग ऑनलाइन गेले आणि बघता बघता गाव रिकामं झालं. हे विद्यापीठाभोवती वसलेलं गाव, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन. मुलं गेली की ग्रीन स्ट्रीटवर भर दुपारी शुकशुकाट. अमेरिकन मुलं आपापल्या घरी गेली, आम्ही मागे उरलो. त्यात 6 जुलैला सरकारने फतवा काढला की ज्या परदेशी विद्यार्थ्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्यांना देशात राहता येणार नाही. विद्यापीठं कोर्टात गेली आणि आठवड्याभरात, 14 जुलैला, तो मागे घेतला गेला. त्या आठवड्यात इथल्या कोणाही भारतीय मुलाला धड झोप लागली नसेल. नवीन येणाऱ्यांना मात्र पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी प्रवेश नाही हा नियम राहिला, आणि तो अजून आहे. म्हणून नाव नोंदवताना निदान एक कोर्स प्रत्यक्ष वर्गातला आहे ना, हे तपासून घे.

24 ऑगस्ट 2020 ला सत्र सुरू झालं ते लाळेच्या चाचणीच्या जोरावर. इथल्याच रसायनशास्त्रज्ञांनी ती बसवली. नाकात काडी घालायची नाही, नमुन्यातून आरएनए वेगळा काढायची पायरीच नाही. नळी बंद असतानाच 95 अंशांवर अर्धा तास तापवायची आणि मग थेट पीसीआर. त्यामुळे खर्च कमी, वेळ कमी आणि निकाल बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. जनावरांच्या रोगनिदानाची प्रयोगशाळा या कामाला लावली आणि दिवसाला दहा हजारांहून जास्त चाचण्या होऊ लागल्या. आम्हा सगळ्यांना आठवड्यातून दोनदा जावं लागायचं. तासभर आधी काही खायचं-प्यायचं नाही, दात घासायचे नाहीत. कार्ड स्वाइप केलं की हातात नळी मिळायची. मग ठरलेल्या अंतरावर उभं राहून, मान खाली घालून, तोंडातली लाळ आपसूक नळीत पडू द्यायची. थुंकलं की फेस होतो, आणि फेस चालत नाही. तोंड कोरडं पडलं की मी आजीच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी डोळ्यांपुढे आणायचे. लगेच काम व्हायचं.

निकाल फोनवरच्या सेफर इलिनॉय या ॲपमध्ये दिसायचा. चाचणी वेळेवर आणि निगेटिव्ह असेल तर इमारतीत प्रवेश, चुकवली तर दारातूनच परत. दारावर उभी असलेली मुलं-मुली विद्यार्थीच असायची, मास्कच्या आडून हसून फोन बघायची. सुरुवातीला मला ते पाळत ठेवल्यासारखं वाटलं. महिन्याभरात तेच आधाराचं झालं, कारण शेजारी बसलेला माणूस परवाच तपासला गेलाय हे माहीत असायचं. इतकी खात्री मला त्या काळात दुसऱ्या कुठल्याही गर्दीत मिळाली नाही.

तरी गाडी घसरली, आणि ती का घसरली हेच तुझ्या कामाचं आहे. नायजेल गोल्डनफेल्ड आणि सर्गेई मास्लोव्ह या इथल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गणित मांडलं होतं की थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणापर्यंत, साधारण 700 रुग्ण होतील. पहिल्या दोनेक आठवड्यांतच तो आकडा मागे पडला. मुलं पार्ट्या करणार हे त्यांनी धरलं होतं. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावरही काही जण पार्टीला जातील, विलगीकरणाचा फोन उचलणार नाहीत, हे कोणी धरलं नव्हतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला पदवीच्या मुलांना दोन आठवडे फक्त वर्ग, जेवण, चाचणी आणि अत्यावश्यक कामांपुरतंच बाहेर पडायची मुभा उरली. नियम तोडणाऱ्या काहींना निलंबित केलं. मग आकडे उतरले आणि सत्र पार पडलं. थँक्सगिव्हिंगनंतरचे वर्ग आणि परीक्षा मात्र ऑनलाइन. वसंतातली सुट्टी रद्द झाली, म्हणजे कोणी गावाबाहेर जाऊन संसर्ग घेऊन येऊ नये. स्टेडियममध्ये प्रेक्षकांशिवाय अमेरिकन फुटबॉल झाला. आता 28 ऑगस्ट 2021 ला नेब्रास्काविरुद्ध सामना आहे, प्रेक्षकांसह. तू तोवर पोचलेला असशील तर जरूर जा. खेळ कळला नाही तरी चालेल.

आता घराकडे येते. वसतिगृहातल्या मुलांना पॉझिटिव्ह आल्यावर वेगळ्या खोल्यांत हलवायचे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तिथेच दहा दिवस विलगीकरण, आणि घरातले बाकीचे चौदा दिवस क्वारंटाइन. आपली बहुतेक एम.एस.ची मुलं भाड्याच्या घरातच राहतात, चौघांत दोन बाथरूम. म्हणजे तुझ्या रूममेटने शनिवारी रात्री काय केलं त्यावर तुझे पुढचे दोन आठवडे. माझ्या ओळखीच्या एका घरात चौघांनी पहिल्याच दिवशी सगळं बोलून ठरवलं होतं: कोण कोणाकडे जाणार, पाहुणा आणायचा तर आधी विचारायचं, कोणी आजारी पडलं तर मोठी खोली त्याला आणि डबा दाराबाहेर. त्यांच्यातल्या एकाला ऑक्टोबरमध्ये कोविड झाला, बाकी तिघे सुटले, आणि आजही ते चौघे एकत्र राहतात. दुसऱ्या घरात कोणी काही बोललंच नाही. तिथे डिसेंबरपर्यंत फ्रिजच्या कप्प्यांवर नावं आली होती आणि एकजण सामान उचलून निघून गेला, भाडं मात्र भरत राहिला. कारण इथली लीज, म्हणजे भाडेकरार, सहसा ऑगस्ट ते ऑगस्ट, पूर्ण बारा महिन्यांची असते आणि मधेच सुटका नाही. साथ असो नसो, भाड्याची कंपनी ऐकत नाही. म्हणून जॉइंट लीज, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच करार, शक्यतो टाळ. त्यात एकाने भाडं थकवलं की बाकीचे अडकतात. प्रत्येकाचा करार वेगळा असलेलं घर थोडं महाग पडलं तरी घे. आणि रूममेट निवडताना शाकाहारी-मांसाहारी विचारतोस तसं लस घेतलीस का आणि वीकेंडला काय करतोस हेही विचार. यात संकोचण्यासारखं काही नाही.

माणसं परत जवळ कशी आली, तेही सांगते. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी 22 ऑगस्टला होती, सत्र सुरू व्हायच्या दोन दिवस आधी. आरती झूमवर. सगळ्यांनी एकदम म्हटली की आवाज मागेपुढे व्हायचे, म्हणून एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी म्यूट राहून टाळ्या वाजवायच्या. दिवाळीत फराळाचे डबे एकमेकांच्या दारात ठेवून लांबून हात केले. 12 एप्रिलला इलिनॉयमध्ये 16 वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. पार्कात मोकळ्या हवेत जमलो, अंतर ठेवून, पण जमलो.

आणि नेमकं तेव्हाच तिकडे भारतात दुसरी लाट आली. इथली मुलं हिरवळीवर पहुडलेली, मास्क उतरू लागलेले, आणि आमच्या फोनवर ऑक्सिजन बेड कुठे आहे, रेमडेसिविर कोणाकडे आहे. तुझ्या नाशिकची 21 एप्रिलची, रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन रुग्ण दगावल्याची, बातमी आली तेव्हा लॅबमध्ये कोणाशी काय बोलावं मला कळत नव्हतं. 4 मेपासून भारतातून येण्यावर अमेरिकेने निर्बंध घातले, मुंबईच्या वकिलातीत व्हिसाचा ठिकाणा नाही. घरचं माणूस गेलं तरी परत येता येईल की नाही या धास्तीने कित्येक जण गेले नाहीत. आई-बाबांशी बोलताना ही शक्यता टाळू नकोस. तशी वेळ आली तर तू घरी यायचं की नाही, हे निघण्याआधीच त्यांच्यासमोर बसून ठरव. हे अवघड बोलणं आहे, पण ते फोनवर, रात्री तीन वाजता, होऊ नये.

बाकीचं पटकन, जुलै 2021 मधले नियम असे. 1 ऑगस्टला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाच्या एफ-1 (विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्यांना त्या निर्बंधातून सूट आहे, वेगळा अर्ज लागत नाही, पण अभ्यासक्रम सुरू होण्याच्या 30 दिवसांहून आधी उतरता येणार नाही. विमानाच्या आधीच्या तीन दिवसांतली निगेटिव्ह चाचणी लागते. लस विद्यापीठाने बंधनकारक केली आहे. कोव्हिशील्ड जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, कोव्हॅक्सिन आज तरी नाही. शिकायला जाणाऱ्यांना दुसरा डोस 84 ऐवजी 28 दिवसांनी घेता येतो; आय-ट्वेंटी (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद) आणि पासपोर्ट घेऊन केंद्रावर जा आणि सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर घालून घे. तिकडे जमलंच नाही तर इथे येऊन मोफत मिळेल, तोवर चाचण्या कराव्या लागतील.

शिकागोला उतरल्यावर ओ'हेअर विमानतळाहून थेट बस मिळते, नाहीतर युनियन स्टेशनहून ॲमट्रॅकची रेल्वे. दोन-तीन तासांचा प्रवास, सगळा मक्यातून. डेल्टा व्हेरियंटमुळे नियम पुन्हा बदलू शकतात, तेव्हा बरे मास्क भरपूर आण आणि पहिल्या आठवड्याचं सामान एकाच बॅगेत ठेव, म्हणजे विलगीकरणात राहावं लागलं तरी अडणार नाही. लीजवर सही करण्याआधी मला पाठव, आणि ज्यांच्याबरोबर राहायचं ठरवतोयस त्या तिघांशी या शनिवारी व्हिडिओ कॉल कर. त्यांना काय विचारायचं ते वर लिहिलंच आहे.