प्लास्टिकचे भूसुरुंग आवाजाने कसे शोधतात?

प्लास्टिकच्या सुरुंगात धातू नावालाच असतो, मेटल डिटेक्टरला तो जेमतेम कळतो. म्हणून स्पीकरमधून जमिनीवर साधारण 100 ते 300 हर्ट्‌झचा घुमणारा आवाज सोडतात. सच्छिद्र मातीत तो शिरतो आणि माती थरथरते. सुरुंगाचं झाकण लवचीक, आत पोकळी. त्यामुळे त्याच्यावरची माती ढोलाच्या पानासारखी, आजूबाजूपेक्षा जास्त हलते. भरीव दगडावर असं होत नाही, हा मोठाच फायदा. लेझर डॉप्लर व्हायब्रोमीटर ही हालचाल जमिनीला न शिवता, एकेक बिंदू घेत मोजतो. वेळ जातो तो इथेच. दाट गवत लेझर अडवतं, गोठलेली माती सुरुंगाला जखडते, खोल पुरलेला तर हाती लागतच नाही. इशारा आला नाही म्हणून तिथे पाय ठेवायचा नाही.