ग्राफीनचे दोन थर १.१ अंशाने फिरवले की वीज रोधाशिवाय कशी वाहते?

खरी गोष्ट घडते ती इलेक्ट्रॉन संथ झाल्यामुळे. ग्राफीन म्हणजे एका अणूइतक्या जाडीचा कार्बनचा थर. सुट्या थरात इलेक्ट्रॉन इतके वेगात धावतात की एकमेकांची फारशी दखल घेत नाहीत. थर किंचित तिरके ठेवले की सुमारे १३ नॅनोमीटरची मोठी नक्षी उमटते (जाळीदार कापडाचे दोन पदर एकमेकांवर सरकवून बघा!) आणि इलेक्ट्रॉन टनेलिंगने (म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही मधला अडथळा पार करून) या थरातून त्या थरात जात राहतात. १.१ अंशाला या ये-जा करण्याचा परिणाम असा होतो की त्यांचा वेग जवळपास शून्यावर येतो. बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी २०११ मध्येच हे गणित मांडलं होतं. संथ इलेक्ट्रॉनांना परस्परांचं प्रतिकर्षण टाळता येत नाही, म्हणून ते समूहाने वागू लागतात. इलेक्ट्रॉनांची संख्या कमी-जास्त केली की तोच नमुना कधी विद्युतरोधक, तर कधी अतिवाहक, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहू देणारा. एमआयटीतल्या गटाने २०१८ मध्ये १.७ केल्व्हिनला (सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअस) ही अतिवाहकता दाखवली. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वाहतात; इथे या जोड्या नेमक्या कशाने जुळतात, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.