घुमा मुलगा वकील कसा होणार?

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी आर्ट्सला, दहावीला ७८ टक्के, वकील व्हायचं म्हणतो. वडील लिहितात : ‘तो घुमा. आजोबाही तसेच होते, रक्तातच आहे. बोटांच्या ठशांची टेस्ट केली, त्यातही अंतर्मुख आणि उजवा मेंदू प्रबळ असंच आलं. कुणाशी बोलावं लागणार नाही अशी सरकारी नोकरी सुचवा.’

मार्कांची मला काळजी नाही. चवथीला सगळा गोतावळा गणपतीपुढे, फळाफुलांच्या माटोळीखाली बसलेला असताना तुम्ही तो रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवलात, हे तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. त्यानंतर त्या पोराने कुणाशी काय बोलावं? पुढच्याच पानावर तुम्ही म्हणता, जत्रेतल्या नाटकात नारद झाला तेव्हा मात्र खणखणीत बोलला. भरल्या मांडवात ज्याला कंठ फुटतो तो घरात गप्प असेल, तर जनुकांच्या आधी मी घराकडे बघेन.

आता ‘रक्ता’बद्दल. स्वभावात अनुवंशाचा वाटा असतो, हे खरं. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो साधारण ४० ते ५० टक्के निघतो. पण हा आकडा माणसामाणसांतल्या फरकांबद्दल बोलतो. तुमच्या मुलाचा निम्मा अबोलपणा आजोबांकडून आला, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. शिवाय घुमेपणाचं एकच असं जनुक नसतं. असंख्य जनुकांचा थोडाथोडा परिणाम असतो आणि त्यात घर, शाळा, मित्र मिसळतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपासून हा अभ्यास केला. नव्या गोष्टीने पटकन बिथरणाऱ्या बाळांचा कल पुढे बुजरेपणाकडे दिसला खरा, पण त्यातली बरीच मोठेपणी बुजरी राहिली नाहीत.

ठशांचं म्हणाल तर ते पैसे पाण्यात गेले. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात आणि एकसारख्या जुळ्यांची जनुकं तीच असूनही ठसे वेगळे असतात. त्यांवरून स्वभाव किंवा करिअर सांगण्याला शास्त्रीय आधार नाही. उजव्या-डाव्या मेंदूची माणसं ही कल्पनाही २०१३ साली युटा विद्यापीठाने हजारावर स्कॅन तपासले तेव्हा टिकली नाही.

आणि वकिली म्हणजे नुसती कोर्टातली जुगलबंदी, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आपल्या गोव्यात जमिनीचे व्यवहार एक-चौदाच्या उताऱ्यापासून, म्हणजे जमीन कुणाच्या नावे आहे ते दाखवणाऱ्या सरकारी कागदापासून, सुरू होतात आणि खोदत गेलं की पोर्तुगीज दस्तांपर्यंत पोचतात. वारशाच्या वाटण्या २०१६पर्यंत १८६७च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडला धरून होत; आता त्यासाठी गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा आहे, पण त्याची मुळंही त्या कोडमध्येच आहेत. दिवसभर मान खाली घालून जुने कागद लावणारा वकील इथे लोक शोधत येतात. मुलाने जोडीला पोर्तुगीज शिकून घेतली तर सोन्याहून पिवळं.

बारावीनंतर पाच वर्षांचा बीए एलएलबी मिरामारला साळगावकर लॉ कॉलेजात आणि मडगावच्या कारे कॉलेजात होतो. बाहेर जायचं तर क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा.

‘बोलावं लागणार नाही’ अशी सरकारी नोकरी मला माहीत नाही, तलाठ्यालासुद्धा दिवसभर बोलावंच लागतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. पुढचं पत्र मुलाला लिहू द्या, आणि टपालात टाकण्याआधी ते वाचू नका.