सान्ना : अरबीची बोली की स्वतंत्र भाषा?

सायप्रसमधील मारोनी ख्रिस्ती समाजाच्या ‘सान्ना’ला अरबीची बोली म्हणावे की स्वतंत्र भाषा, आणि या नावाचा अर्थ काय, अशी विचारणा झाली आहे. अरबीत ‘लिसान’ म्हणजे जीभ किंवा भाषा आणि ‘ना’ म्हणजे आपला; ‘लिसान्ना’मधील आरंभीचा ‘लि’ गळून ‘सान्ना’, अर्थात ‘आपली भाषा’, हे रूप उरले.

वंशाने ती अरबीच आहे. मध्ययुगात सीरिया आणि लेबनॉनकडून बेटावर आलेल्या मारोनींनी ती सोबत आणली. पुढे मात्र कुराणाची, शाळेची आणि दरबाराची प्रमाण अरबी तिच्या डोक्यावर राहिली नाही आणि शेजारी ग्रीकच होती. त्यामुळे तिचे उच्चारच पालटले. अरबीतील घशाकडे ओढून उच्चारली जाणारी जड व्यंजने नाहीशी झाली आणि ‘ब’च्या जागी ‘प’ आला. घरांसाठीच्या ‘बुयूत’ या अनेकवचनाचे ‘प्क्यूत’ झाले, आणि त्यातला तो मधला ‘क’ ऐकून एखादा बैरूतकर क्षणभर गोंधळावा. माल्टी भाषेचा प्रवासही असाच प्रमाण अरबीच्या छायेबाहेर झाला, परंतु माल्टीला स्वतःचे राज्य लाभले. सान्नाच्या वाट्याला मुख्यतः कोर्माकितीस हे एकच गाव आले, कारण इतर मारोनी गावे ग्रीकभाषक झाली होती.

१९७४ मध्ये तुर्कस्तानच्या आक्रमणानंतर बेटाचे दोन भाग झाले, कोर्माकितीस उत्तरेत राहिले आणि बहुसंख्य गावकरी दक्षिणेकडे विखुरले. तेथे ग्रीक शाळा आणि ग्रीकभाषकांशी होणारे विवाह यांमुळे मुलांच्या तोंडी घरातही ग्रीक रुळली. युनेस्कोने सान्नाची गणना गंभीर धोक्यातील भाषांत केली आहे. लिपी तिला फार उशिरा मिळाली : भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्ग यांनी २००७ मध्ये रोमनवर आधारित वर्णमाला सिद्ध केली आणि २००८ मध्ये सायप्रसने प्रादेशिक व अल्पसंख्याक भाषांच्या युरोपीय सनदेखाली तिला मान्यता दिली.

इतिहास सांगताना तिला ‘अरबीची बोली’ म्हणणे योग्यच आहे; पण अरबस्तानात आज कोणी तिच्यात शिकत वा लिहीत नाही, आणि ती बोलणाऱ्यांना अरबी लिपी शिकून तिचे काही साहित्य हाती लागत नाही, म्हणून वर्तमानाबद्दल लिहिताना मला तिला स्वतंत्र भाषाच म्हणावेसे वाटते. मराठीत प्रथम उल्लेखाच्या वेळी ‘सायप्रसची मारोनी अरबी’ असे लिहून पुढे सर्वत्र ‘सान्ना’ हेच नाव वापरावे.